पक्की नोकरी, कच्चं बिल

नेपानगर हे गाव नोकरीला लागूनच जन्माला आलं. बाकीच्या गावांत आधी वस्ती होते, मग देऊळ, मग बाजार, मग बाजारातली भांडणं, आणि हे सगळं नीट जमल्यावर एखादा पुढारी तिथे कारखाना आणायचं आश्वासन देतो. आमच्याकडे आधी कारखाना आला आणि भांडणं नंतर. १९४७ साली नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स नावाची कंपनी निघाली. भुसावळ-खंडवा लोहमार्गाजवळ, सलई आणि बांबूच्या जंगलाच्या आधाराने गिरणी उभी राहिली. १९५५ साली वर्तमानपत्राचा कागद निघू लागला आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. पुढे १९५९ साली केंद्र सरकारने तिची सूत्रं हाती घेतली, म्हणजे आधीच पक्की असलेली नोकरी सरकारी शिक्क्याने आणखी पक्की झाली. गावाचं नावसुद्धा कंपनीच्या नावातून आलेलं. ज्या गावाला नावही नियुक्तिपत्राबरोबर मिळालं, तिथे फ्रीलान्सिंग करणं म्हणजे पंढरपुरात राहून आपण देवबिव मानत नाही असं सांगत फिरण्यासारखं आहे. कुणी मारत नाही, पण प्रसाद देताना हात जरा आखडतो.

इथल्या मराठी घरांच्या बाबतीत तर नोकरीने चमत्कारच करून दाखवला. गिरणी सुरू झाली तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. माणसं आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेच्या जोरावर नोकरीला लागली. नेहरू एप्रिलमध्ये येऊन गेले आणि नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि नेपानगर होतं तिथेच राहिलं. पायाखालचं राज्य निघून गेलं तरी पहिल्या पाळीला माणूस हजर! यालाच आमच्याकडे पक्की नोकरी म्हणतात.

कॉलनीत माणसाची ओळख क्वार्टरवरून व्हायची. क्वार्टरचा टाइप सांगितला की ऐकणाऱ्याला पगार, पद, बायकोचा रुबाब आणि मुलीला साधारण कुठपर्यंतचं स्थळ पाहता येईल, एवढं सगळं कळायचं. घड्याळाचं काम भोंगा करायचा. भोंगा वाजला की डाळीचा कुकर चढायचा, दुसरा वाजला की पोरं अभ्यासाला बसायची, निदान तसं दाखवायची. वडील रात्रपाळीवरून आले असले की दिवसभर घरात कुजबुजीतच बोलायचं. शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा आपल्या आवाजाला आवर घालायचा, कारण उद्या त्यांच्या घरात रात्रपाळी असणार. झोपेला एवढी सामाजिक प्रतिष्ठा मी नंतर कुठेही पाहिली नाही. मी दुपारी दोनला झोपलेला दिसलो, तर तेच शेजारी खिडकीतून विचारतात, "बरं नाही का रे?"

मी भाषांतर करतो. जाहिरातींचा मजकूर लिहितो, माहितीपुस्तिका करतो, एकदा एका फवारणीपंपाच्या वापराचं मॅन्युअलही मराठीत आणलं. कामं पुण्याची, मुंबईची, इंदूरची. जागा घरातली, समोरच्या खोलीतली. हे समजावून सांगायचा प्रयत्न मी गिरणीतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांपाशी केला होता.

"काय करून राहिला आजकाल?"

"फ्रीलान्सिंग करतो, काका."

"ते ठीक आहे. पण काम काय करतो?"

"भाषांतर."

"कोणत्या ऑफिसात?"

"घरूनच करतो."

"म्हणजे सुटीवर आहे."

"सुटी नाही हो. माझं मीच काम घेतो, मीच करतो. मीच माझा मालक."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मग परमनंट करून टाक ना स्वतःला! कोण अडवतो?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

आधी फायदे सांगतो, कारण ते खरोखर आहेत आणि लोक ते आपणहून मान्य करत नाहीत. मे महिन्यात आमच्या निमाडात ऊन असं पडतं, की गाईसुद्धा सावली आगाऊ धरून ठेवतात. अशा दुपारी छपरी शर्ट, जुनी लुंगी आणि कुलरसमोरची खुर्ची या गणवेशात मी मुंबईतल्या एका वातानुकूलित कंपनीसाठी 'उन्हाळ्यात ताजंतवानं राहा' असा मजकूर लिहितो. बदलीची भीती नाही. लोकल नाही. बायोमेट्रिक यंत्रावर अंगठा दाबून आपण आलो आहोत हे कुणाला पटवायचं नाही. नकोसं काम नाकारता येतं, असं म्हणतात. मीही तसं एकदा करून पाहणार आहे. पैसे पुण्याच्या दराने मिळतात आणि भाजी नेपानगरच्या दराने. हे गणित फ्रीलान्सरला लहान गावात राहायला लावतं आणि सुखात ठेवतं, फक्त त्यातला पहिला भाग वेळेवर यावा लागतो.

दुसरा फायदा मला मिळत नाही, गल्लीला मिळतो. 'घरीच तर असतोस' या नऊ अक्षरी मंत्राने माझा दिवस गल्लीच्या मालकीचा होतो. अख्ख्या रांगेची कुरिअर माझ्याकडे पडतात. सिलिंडरवाला माझंच दार वाजवतो. आत्याला भुसावळला जायचं असेल तर स्टेशनावर सोडायला मी, आणि गाडी उशिरा असेल तर ती येईपर्यंत तिच्याशी बोलायलाही मीच. नोकरी करणाऱ्या चुलतभावाला कुणी कामाच्या वेळी फोनही करत नाही, 'तो ड्यूटीवर असेल' म्हणून. तो ड्यूटीवर असताना मला व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार पाठवत असतो, ही गोष्ट मी घरच्यांपासून लपवून ठेवली आहे.

दरवर्षी नोव्हेंबरात काकांचा हयातीचा दाखला मोबाइलवरून काढून देणं हेही माझ्याचकडे. काका स्वच्छ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतात. मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला की अ‍ॅप डोळे मिचकवायला सांगतं. काका मिचकवत नाहीत. सरकारसमोर डोळे मिचकवणं त्यांना बेअदबी वाटते. मग मी म्हणतो, "काका, मिचकवा." ते म्हणतात, "मिचकवले ना!" अ‍ॅप म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, मला पाहून मिचकवायचे तसे मिचकवा!" आणि त्या लाजेत काकांचे डोळे लवतात, दाखला निघतो. काकांना वर्षातून एकदा जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. मला दर सोमवारी ईमेलवरून करावं लागतं. त्या ईमेलची सुरुवात 'सहज आठवण करून देतोय' अशी असते.

कारण फ्रीलान्सरचं खरं काम लिहिणं नसतं, लिहिल्याचे पैसे मागणं असतं. एका कंपनीने चार ओळींचा मजकूर मागितला. संध्याकाळपर्यंत हवा होता, म्हणून दुपारीच दिला. मग 'वेंडर रजिस्ट्रेशन' नावाचा फॉर्म आला. त्यात पॅन, रद्द केलेला चेक, पत्त्याचा पुरावा, जीएसटी नोंदणी, नसेल तर ती का नाही याचं प्रतिज्ञापत्र, कारखान्याचं क्षेत्रफळ आणि आग विझवायच्या साधनांची माहिती विचारली होती. कारखान्याच्या रकान्यात मी समोरच्या खोलीचं माप लिहिलं. आग विझवायला माठ आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं. बिल पाठवलं. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं. नंतर कळलं की बिलावर पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डरचा, नंबर नाही. पीओ मागितला तर तो काम सुरू होण्याआधी निघायला हवा होता, आता मागच्या तारखेचा काढता येत नाही. मग ज्या बाईंनी काम दिलं होतं त्यांनी नोकरी बदलली. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी मला फार अदबीने विचारलं, "आपण आमच्यासाठी नक्की काय केलं होतं?" मी चार ओळी पुन्हा पाठवल्या. ते म्हणाले, "छान आहेत. आम्हाला असंच काहीतरी हवंय. रेट काय घ्याल?"

गंमत म्हणजे यातला आयकर मात्र वेळेवर कापला गेला. कंपनी बिलाची नोंद वहीत करते तेव्हाच १० टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरू शकते, हातात रक्कम पडायची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे माझं उत्पन्न माझ्या बँकेत पोचायच्या आधी आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये पोचतं. सरकारच्या दृष्टीने मी कमावता आहे. किराणा दुकानदाराला मी तोच फॉर्म दाखवून पाहिला, पण त्याने उधारीच्या वहीत माझ्या नावाखाली आणखी एक ओळ वाढवली.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मी पुढे शिकलो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याखाली उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. अलीकडे आयकर कायद्यानेही दट्ट्या लावला आहे: मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. इतका सुंदर कायदा आहे, की तो वाचून डोळे भरून येतात. अडचण एकच. तो बजावला की पैसे येतात आणि त्या कंपनीकडून पुढचं काम येत नाही. त्यामुळे बहुतेक फ्रीलान्सर हा कायदा लग्नातल्या चांदीच्या ताटासारखा कपाटात ठेवतात, असं मी म्हणणार होतो. पण मी तरी आता नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापतो. अक्षर ठळक असलं की अकाउंट्स विभागाचा आवाज मवाळ होतो, हा अनुभव आहे.

वाया गेलेल्या कामाची तऱ्हाही पाहण्यासारखी. कागदाच्या गिरणीत लगदा जाळीवर पसरतो, त्यातलं पाणी निथळतं, दाबाखालून आणि तापलेल्या सिलिंडरांवरून जाऊन त्याचा कागद होतो, आणि धावता धावता तो कधी मध्येच फाटतो. हा फाटका, तिरका, सुरकुतलेला माल म्हणजे 'ब्रोक'. तो फेकत नाहीत. परत लगद्यात घालतात आणि त्याचाच पुन्हा कागद होतो. ब्रोक कितीही निघाला तरी यंत्रावरच्या माणसाची त्या पाळीची हजेरी लागलेली असते. माझा ब्रोक वेगळा. "थोडेसेच बदल आहेत" असं म्हणत क्लायंट पहिला मजकूर परत पाठवतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि अखेरीस त्याच्या साहेबांना पहिलाच आवडतो. मधल्या साऱ्या आवृत्त्या माझ्याच लगद्यात जातात. त्या पाळ्यांची हजेरी कुठल्याच मस्टरवर नसते.

राहिला प्रश्न मालकाचा. मीच माझा मालक, हे मी काकांना ऐटीत सांगितलं खरं, पण हा मालक माझ्या ओळखीचा असूनही भला माणूस नाही. रविवारी बोलावतो. ओव्हरटाइम देत नाही. ताप आला तर त्या दिवसाची मजुरी कापतो. दिवाळीला बोनसऐवजी 'यंदा जरा हात आवरता घे' असा सल्ला देतो. गिरणीत असा साहेब असता तर युनियनने गेटवर सभा घेऊन त्याला मुर्दाबाद करून सोडलं असतं. मी गेटसभा घेतली तर घोषणा देणारा मी, ऐकणारा मी आणि दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस मिळणाराही मीच.

हा सगळा हिशेब नोकरीच्या बाजूने झुकताना दिसतो आहे आणि वीस वर्षांपूर्वी लेख इथेच संपला असता. पण जुलै २०१६ मध्ये गिरणीचं उत्पादन आधुनिकीकरणासाठी थांबलं. २०१८ साली केंद्राने ४६९ कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, त्यात स्वेच्छानिवृत्तीचीही तरतूद होती, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये यंत्रं पुन्हा सुरू झाली. सलई आणि बांबूवर उभी राहिलेली गिरणी आता रद्दी कागदावर चालते. सहा वर्षं! एवढ्यात पहिलीतलं पोर सातवीत जातं. या काळात कॉलनीने आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न विचारला, जो मी रोज सकाळी चहाबरोबर घेतो: पुढच्या महिन्याचं काय?

आणि मग कॉलनीतल्या अंगच्या कला बाहेर पडल्या. कुणी शिकवण्या सुरू केल्या, कुणी विमा एजंट झालं, कुणी मोटार वाइंडिंग करू लागलं. पक्कं काम केलेल्या माणसाच्या हातात कसब भरपूर असतं, पण दर सांगायची सवय नसते. आमच्या ओळखीचे एक काका पंखे उत्तम दुरुस्त करायचे आणि पैसे विचारले की लाजून म्हणायचे, "द्या काहीही." लोक तसंच द्यायचे. एके संध्याकाळी ते माझ्याकडे आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ते बिल कसं बनवायचं रे?" मी त्यांना बिल बनवायला शिकवलं. त्या दिवशी माझ्या धंद्याला कॉलनीत पहिल्यांदा मान्यता मिळाली.

तसं पाहिलं तर फ्रीलान्सिंग या भागाला नवं कुठे होतं? शेजारच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू आहे. सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, मजुरी मीटरवर. काम आलं तर रात्रभर खडखडाट आणि नाही आलं तर शांतता. त्याला तिथे जॉबवर्क म्हणतात, आणि ते करणाऱ्याला कुणी 'स्वतःचा मालक' म्हणून टाळ्या देत नाही. लॅपटॉप मांडीवर आला तेव्हापासून त्याच व्यवस्थेला इंग्रजी नाव आणि कॉफीचा कप मिळाला.

त्याहून मोठा विनोद तर आमच्या गिरणीच्या मालावरच छापला जात होता. १९८१ पर्यंत देशात वर्तमानपत्राचा कागद बनवणारी ही एकमेव गिरणी. त्या कागदावर गावोगावच्या हौशी वार्ताहरांच्या बातम्या छापल्या जायच्या. वार्ताहराला दर मिळायचा तो छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर, आणि संपादकाने कात्री लावली की मजुरीलाही कात्री. कागद बनवणाऱ्याला पीएफ, ग्रॅच्युइटी, क्वार्टर. त्याच कागदावर लिहिणाऱ्याला पोस्टाचा खर्च स्वतःचा. लेखणीच्या धंद्यात फ्रीलान्सिंग आधीपासून होतं, फक्त त्याला तेव्हा साहित्यसेवा म्हणत.

आता असे सेवक वाढले आहेत. नीती आयोगाने २०२२ मध्ये अंदाज मांडला, की २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याही आली. डिलिव्हरीवाला, टॅक्सीवाला, मी, सगळे त्या व्याख्येच्या आसपास उभे आहोत. व्याख्येत आलो, ही सुरुवात म्हणायची. सरकारी कामात व्याख्या आधी येते, पैसे मागाहून. माझ्या क्लायंटांनी ही पद्धत कुठून उचलली हे आता ध्यानात येतं.

तर मग करावं काय? तरुण मुलं विचारतात, म्हणून सांगतो. नोकरीतली खरी चैन पगारात नाही, ती न दिसणाऱ्या कारकुनात आहे. तो दरमहा न विचारता बेसिक आणि डीएच्या १२ टक्के कापून पीएफमध्ये टाकतो, तेवढेच मालकाकडून टाकून घेतो, रजेचा हिशेब ठेवतो, नोकरीची पाच वर्षं भरली की सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी धरतो. आयुष्यभर आपण त्याला शिव्या देतो आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्यामुळेच मुलीचं लग्न होतं. फ्रीलान्सिंग करायचं असेल तर आधी तो कारकून घरात नेमा. प्रत्येक बिलातले १२ टक्के हातात यायच्या आत पीपीएफमध्ये घालायला लावा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा टाइप करू नका. आरोग्य विमा तब्येत ठणठणीत असतानाच घ्या. नव्या क्लायंटकडून अर्धे पैसे आगाऊ घ्या. जो आगाऊ द्यायला रुसतो तो नंतर द्यायलाही रुसणार. उद्यम नोंदणी फुकट होते, ती आजच करा. आणि आठवड्यातून एक दिवस 'मी ड्यूटीवर आहे' असं सांगून खोलीचं दार आतून लावायला शिका, सिलिंडर आला तरी.

हे जमत नसेल, तर नोकरी धरून ठेवा आणि कविता रविवारी करा. त्यात कमीपणा काही नाही. पक्कं असं काही नसतं, हे आमच्या गावाला २०१६ साली कळलं. मात्र पीएफ कापलेला असला, की ते समजून घेणं बरंच सोपं जातं.